एक पान कमी धरा

लग्नसराईत सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या कापड दुकानात दुपारी डोकावलं, की गादीवर दोन घरं समोरासमोर बसलेली दिसतात. मुलाकडचे एका अंगाला, मुलीकडचे दुसऱ्या अंगाला, मध्ये साड्यांचा ढीग. हा लग्नाचा बस्ता. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा अशा तालुक्यांतून माणसं गाडी करून येतात. आधी नवरीचा शालू, मग नवरदेवाचे कपडे, मग आत्या, मावशी, करवली यांच्या मानाच्या साड्या आणि शेवटी आहेराच्या टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे. बस्त्याला कुणाला न्यायचं याची घरात आधी चर्चा झालेली असते आणि ज्याला बोलावलं जातं त्याला तो मान वाटतो. समजा, अशा दिवशी गाडी दारात उभी असताना थोरल्या आत्यांचा फोन येतो, "मला काय आज जमंना बघ, तुम्ही व्हा पुढं."

गाडीतली एक जागा रिकामी राहिली, एवढंच पाहिलं तर काही बिघडलेलं नाही. पण दुकानात आत्यांच्या साडीचा विषय निघतो आणि सगळ्यांचे हात थांबतात. रंग कोण सांगणार? समोरच्या घरातलं कुणीतरी विचारतं, "आत्याबाई दिसत नाहीत?" नवरीच्या आईला खरं कारण ठाऊक नसतं, म्हणून ती काहीतरी सांगून वेळ निभावते. ते कुणालाच पटत नाही. संध्याकाळपर्यंत आत्या रुसल्या आहेत ही बातमी दोन्ही घरांत पोचते. आत्यांचं कदाचित नुसतं डोकं दुखत असेल.

ठरलेल्या कार्यक्रमातून माघार कशी घ्यावी हा या प्रकरणाचा विषय आहे आणि तो हलका नाही. वर्षानुवर्षांचे अबोले अशा एका फोनवरून सुरू झालेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. माझं म्हणणं असं, की माणूस आला नाही याचं दुःख यजमानाला होतं ते थोडं. आपल्याला अधांतरी ठेवलं याचं होतं ते फार. स्पष्ट आणि वेळेवर सांगितलेला नकार बहुतेक घरं पचवतात. "येतो की" म्हणून न आलेला माणूस मात्र लक्षात राहतो.

याचं मूळ आपल्या आवतणाच्या पद्धतीत आहे. गावाकडचं आवतण नीट ऐकलं तर त्यात हिशेब असतो. 'घरटी एक' असं सांगितलं, तर घरातल्या कुणाही एकाने जायचं. 'चूलबंद' म्हटलं, तर त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. आचारी यजमानाला पहिला प्रश्न विचारतो तो किती पानांचा स्वयंपाक. त्यावरून डाळ, तांदूळ, तेल, माणसं, भांडी सगळं ठरतं. म्हणजे बोलावण्यातच संख्या सांगितलेली असायची आणि एखादा माणूस आला नाही तरी घराची हजेरी लागायची. 'घरटी एक' या रीतीचं मला फार मोल वाटतं. थोरल्याला जमलं नाही तर धाकटा जायचा, आणि घराण्याने पाठ फिरवली असं कुणी म्हणायचं नाही.

छापील पत्रिकेने हा हिशेब पुसट केला. 'सहकुटुंब सहपरिवार' आले, 'अगत्य येण्याचे करावे' आले, नजरचुकीने पत्रिका पोचली नसेल तर हेच निमंत्रण समजावे अशी ओळही आली. युरोपीय रिवाजाच्या पत्रिकेत खाली आर. एस. व्ही. पी. ही फ्रेंच वाक्याची आद्याक्षरं असतात: कृपया उत्तर कळवा. आपल्या पत्रिकेत उत्तराला जागाच ठेवलेली नाही. पूर्वी त्याची गरज पडत नव्हती, कारण बोलावणारा स्वतः घरी यायचा, अक्षता द्यायचा, चहा घ्यायचा. दहा मिनिटं बसल्यावर कोण येणार आणि कोणाची अडचण आहे हे त्याला न विचारता कळायचं. पत्रिकेचा फोटो मोबाइलवर आला आणि ती दहा मिनिटं गेली. आता फोटोखाली हात जोडल्याचं चित्र उमटतं. ते होकाराचं आहे की नुसत्या नमस्काराचं, हे पाठवणाऱ्यालाही नीट माहीत नसतं.

त्यात आणखी गुंता आग्रहाचा. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन समोर आला, की पहिलं "नको" रिवाजाचं असतं. वाढणाऱ्याने पुन्हा विचारायचं, पाहुण्याने पुन्हा नको म्हणायचं, मग अर्धी घ्यायची. इराणमध्ये याच जातीचा 'तारोफ' नावाचा शिष्टाचार आहे. तिथेही देऊ केलेली वस्तू आधी नाकारायची असते. अशा समाजात वाढलेला माणूस पहिल्या नकाराला नकार धरत नाही. तुम्ही मनापासून "जमणार नाही" म्हणता आणि समोरचा म्हणतो, "असं कसं, यायलाच पाहिजे." तो तुमचं म्हणणं धुडकावत नसतो, त्याच्या परीने तो तुमचा मान राखत असतो. मग आपण ओशाळून म्हणतो, "बरं, बघू." नवी पेठेत मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि उर्दू दिवसभर कानावर पडते आणि या सगळ्यांत ही पळवाट तयार आहे: बघू की, नोडोण, चूद्दाम, देखेंगे. बोलणाऱ्याच्या लेखी ते नाही असतं. ऐकणारा हो समजून एक पान वाढवतो.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाशास्त्रज्ञांनी सौजन्यावरचा आपला गाजलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी इंग्रजी, मेक्सिकोतली त्झेल्ताल आणि कोइम्बतूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली तमिळ अशा एकमेकींपासून दूरच्या भाषा घेतल्या होत्या. त्यांच्या मते प्रत्येक माणसाला दोन गोष्टी हव्या असतात: आपण इतरांना हवेसे असावं आणि आपल्यावर कुणी जबरदस्ती करू नये. आमंत्रणात या दोन्ही इच्छा समोरासमोर येतात. यजमानाला पहिली जपायची असते, पाहुण्याला दुसरी. म्हणून चांगला नकार यजमानाची पहिली इच्छा आधी भागवतो. तुम्ही बोलावलंत याचा आनंद झाला, हे शब्दांत सांगतो, आणि मग अडचण सांगतो. क्रम उलटला तर तेच शब्द कोरडे लागतात.

आपल्या जुन्या समाजाने या अवघड जागेसाठी एक व्यवस्था केली होती. ती व्यवस्था म्हणून कुणी बसवली नसेल, पण उपयोग तसाच होता. घरात सुतक असेल तर माणूस दहा दिवस शुभकार्याला जात नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही. सोयराचंही तेच. एकादशी, सोमवार, चातुर्मासातले नेम ही कारणं सांगितली की आग्रह तिथेच थांबतो. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच, त्यामुळे गळ्यात तुळशीची माळ असलेली माणसं इथे घरोघरी. माळकऱ्याने मटणाच्या जेवणाला येत नाही म्हटलं, तर भावकीत कुणाचा राग होत नाही. रमजानच्या महिन्यात दुपारच्या जेवणाला मुसलमान शेजारी येणार नाही, हे आधीच धरलेलं असतं.

ही कारणं का चालतात, याचा विचार करण्यासारखा आहे. त्यांत यजमानाबद्दल काहीच म्हटलेलं नसतं. माळकरी तुमच्याच घरी मटण नाकारत नाही, सगळीकडे नाकारतो. नेम आधीपासून आहे, सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांना सारखा लागू आहे. आजच्या माणसालाही असे नेम करता येतात. "रविवारची दुपार आई-वडिलांकडे असते", "परीक्षेच्या महिन्यात आम्ही बाहेरगावी जात नाही", "रात्री नऊनंतर मी गाडी चालवत नाही". असे नेम दोन-चारदा पाळले की नातेवाइकांना माहीत होतात, आणि पुढे ते स्वतःच म्हणतात, "त्याचं रविवारचं जमायचं नाही, शनिवारी ठेवू." मात्र नेम खरा पाळावा लागतो. एका घरी सांगितलेला नेम दुसऱ्या घरी मोडला, तर तो पहिल्या घराचा अपमान होतो.

मुळात आपण नको असताना हो का म्हणतो? गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचं एक कारण सापडतं. पुढच्या महिन्यात आपल्याकडे आजच्यापेक्षा जास्त मोकळा वेळ असेल असं माणसाला वाटतं. पैशाबाबत हा भ्रम कमी असतो, वेळेबाबत फार. म्हणून सहा आठवड्यांवरच्या कार्यक्रमाला होकार सहज जातो. तो आठवडा उजाडतो तेव्हा तो आजच्याइतकाच भरलेला असतो. यावर एक उपाय मला पटतो: दूरच्या तारखेचं आमंत्रण आलं, की ते याच गुरुवारी असतं तर गेलो असतो का, हे स्वतःला विचारावं.

दुसरं कारण भीती. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क या अमेरिकी संशोधकांनी पाच प्रयोगांतून, दोन हजारांहून अधिक लोकांची मतं घेऊन, २०२३ मध्ये दाखवलं, की आमंत्रण नाकारणारा माणूस यजमान किती रागावेल याचा अंदाज वाढवून करतो. नाकारणाऱ्याला वाटतं की समोरच्याच्या मनात फक्त आपलं "नाही" घुमत राहील. प्रत्यक्षात यजमान, या माणसाने विचार करून, अडचण पाहूनच नाही म्हटलं असेल, असंही धरतो. हे प्रयोग अमेरिकेतले आहेत आणि ते आधीच नाही म्हणण्याबद्दल आहेत. होकार देऊन मागे फिरण्याला तीच सूट मिळेल असं त्यावरून समजू नये. तरी पहिल्या नकाराची भीती गरजेपेक्षा मोठी असते, हे ध्यानात ठेवलं तर नंतरच्या कित्येक माघारी टळतील.

उशिराच्या माघारीने नेमकं काय बिघडतं, हे हुरड्याइतकं दुसरं काही स्पष्ट दाखवत नाही. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डिसेंबर-जानेवारीत कणसात दाणा भरतो, पण अजून दुधाळ, मऊ असतो. हुरड्याचे दिवस एवढेच. दाणा टणक झाला की हुरडा संपला, पुढे ती ज्वारी. म्हणून शेतकरी तारीख काढतो ती पिकाकडे पाहून आणि ती पुढे ढकलता येत नाही. सकाळी शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की हाताने चोळून दाणे काढायचे आणि गरम असतानाच पुढ्यात टाकायचे. सोबत शेंगाचटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. किती कणसं मोडायची हे माणसं मोजून ठरतं. मोडलेलं कणीस पुन्हा ताटाला लागत नाही. चोळणारे हात सकाळपासून बसलेले असतात आणि भाजलेला हुरडा निवला की त्याची चव जाते.

अशा ठिकाणी चौघांचं कुटुंब सकाळी अकराला "आज राहूच दे" म्हणतं, तेव्हा शेतकऱ्याचं नुकसान पैशात फारसं निघत नाही. पण वर्षातून एकदाच देता येणारी गोष्ट त्याने तुमच्यासाठी काढून ठेवलेली असते. हाच फोन दोन दिवस आधी झाला असता तर? "मामा, रविवारच्या हुरड्याला तुम्ही आठवणीनं बोलावलंत, लय बरं वाटलं. पण आम्हा चौघांना यायला जमायचं नाही. कणसं मोडायच्या आधी कळावं म्हणून आजच फोन केला. आमच्या जागी दुसऱ्या कुणाला सांगायचं असेल तर खुशाल सांगा." या बोलण्यात आनंद आहे, नकार आहे, आकडा आहे आणि रिकाम्या झालेल्या जागा यजमानाच्या हाती परत दिलेल्या आहेत. कारण सविस्तर सांगितलेलं नाही, तरी मामांना ते कमी वाटणार नाही.

कारण किती सांगावं याबद्दल समाजासमाजात फरक असतो. लेस्ली बीब आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये जपानी आणि अमेरिकी लोकांच्या नकारांची तुलना केली. अमेरिकी माणसं कारण नेमकं सांगत, जपानी मोघम. आपल्याकडे "घरची अडचण आहे" एवढं पुरतं, आणि ते पुरावं. मोघम कारण सभ्य असतं. खोटं कारण मात्र सांगू नये, आणि सोलापुरात तर नाहीच. ताप आहे म्हणून सकाळी घरी राहिलेला माणूस संध्याकाळी काही घ्यायला नवी पेठेत आला, की यजमानाचा भाचा, मेहुणा किंवा शेजारी त्याला दिसल्यावाचून राहत नाही. मग तापही खोटा आणि आधीची सगळी खरी कारणंही खोटी ठरतात. विशेषतः मुलाबाळांच्या आजाराचं खोटं कारण देऊ नये. ऐकणारा काळजीने दुसऱ्या दिवशी विचारपूस करतो, आणि ती काळजी खोट्यावर खर्च होते.

आता ज्या कारणाबद्दल कुणी बोलत नाही, त्याबद्दल. कित्येक माणसं कार्याला येत नाहीत ती पैशामुळे. जायचं म्हणजे गाडीभाडं, आहेर, मुलांचे धड कपडे. सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. त्यांची मजुरी वळलेल्या विड्यांवर मिळते, म्हणून एक दिवसाचं लग्न म्हणजे एका दिवसाची कमाई बुडाली. यंत्रमागावर काम करणाऱ्याचंही तसंच. पण "पैसे नाहीत" हे जिभेवर येत नाही, म्हणून माणूस म्हणतो, "वेळ नाही." ग्रँट डॉनेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाप्रमाणे, नकाराला वेळेचं कारण दिलं तर पैशाच्या कारणापेक्षा नात्याला जास्त ओरखडा उमटतो. वेळ माणसाच्या हातात असतो, असं ऐकणाऱ्याला वाटतं. याने ठरवलं असतं तर काढला असता. खिसा रिकामा असेल तर तो कुणाच्या हातात नसतो. म्हणजे गरीब माणूस आपली लाज झाकायला नेमकं ते कारण निवडतो, ज्याने त्याच्याबद्दल गैरसमज होईल. मला हे फार वाईट वाटतं. याचा इलाज बोलावणाऱ्याकडे आहे. 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ पत्रिकेवर छापतात, पण तेवढ्याने भागत नाही. जवळच्या माणसाला स्वतः सांगावं, "अक्का, गाडी तुमच्या गल्लीवरनं येणार आहे, तुम्ही नुसतं बसायचं. हातात काही आणलंत तर मी रागवीन."

आणखी एक नकार नीट ऐकण्यासारखा असतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. माघारीच्या दृष्टीने हा फार सोयीचा समारंभ आहे: वेळ मोकळी, पानांचा हिशेब नाही, पाच मिनिटं टेकलं तरी चालतं. पण विधवा बाईला त्याचं बोलावणंच नसायचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे राज्य सरकारनेही तसं आवाहन केलं. आता काही घरांतून अशा बायकांना आमंत्रण जातं. त्यांतल्या बऱ्याच जणी पहिल्यांदा "नको गं, माझं कशाला" म्हणतात. तो नकार वर्षानुवर्षं दाराबाहेर राहिल्याने आलेला असू शकतो. इथे आग्रह करावा. दुसऱ्यांदा घरी जावं, बरोबर चला म्हणावं. त्यानंतरही ती नाही म्हणाली तर तो तिचा निर्णय, आणि तो मानावा.

होकार देऊन झाल्यावर खरोखर अडचण आली, तर काय? लवकर सांगावं, फोनवर सांगावं, आणि ज्याने बोलावलं त्यालाच सांगावं. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेली माघार यजमानाला चारचौघांत ऐकावी लागते, शिवाय एकाचं पाहून आणखी दोघांना धीर येतो. निरोप तिसऱ्याच्या हाती दिला, तर तो पोचेपर्यंत बदलतो. आपल्याकडे एखादं काम सोपवलेलं असेल, कुणाला गाडीतून आणायचं असेल, मानाचं काही करायचं असेल, तर त्याची सोय लावून मगच फोन ठेवावा. बस्त्याच्या आत्यांना डोकेदुखीतही एवढं म्हणता आलं असतं, "डोकं लय चढलंय, मी येत नाही. माझी साडी तुझ्या पसंतीनं घे, गडद रंगाची बघ. आणि विहीणबाईंना माझा नमस्कार सांग." दुकानात कुणाचाही हात थांबला नसता.

कार्य झाल्यावर जाऊन येणं ही आपली फार चांगली रीत आहे. लग्नाला गेलो नाही तर आठवड्याभरात घरी जावं, नवरा-नवरीला भेटावं, आहेर द्यायचा असेल तर तेव्हा द्यावा. मांडवातल्या गर्दीत यजमानाला दोन शब्द बोलायला सवड नसते. नंतरच्या भेटीत तो निवांत असतो. कितीदा असं होतं, की लग्नाला आलेले विसरले जातात आणि मागाहून आलेला लक्षात राहतो.

यजमानावरही माघारीची पाळी येते, हे करोनाच्या काळात सगळ्यांनी अनुभवलं. महाराष्ट्रात २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये ती २५ वर आली, सोहळा दोन तासांत उरकायचा आणि मोडल्यास ५० हजार रुपये दंड. पत्रिका वाटून झालेल्या घरांना सख्ख्या नात्यातल्या माणसांना येऊ नका म्हणून सांगावं लागलं. ज्यांनी एकेकाला फोन करून सांगितलं, त्यांचं कुणाला वाईट वाटलं नाही. ज्यांनी काहीच कळवलं नाही आणि लग्नाचे फोटो टाकले, त्यांच्याबद्दलची नाराजी नियम उठल्यावरही टिकली.

तेव्हा बोलावतानाच उत्तराची वाट करून द्यावी. "आचाऱ्याला गुरुवारी आकडा सांगायचा आहे, बुधवारी रात्रीपर्यंत कळवा. जमलं नाही तरी मनात काही आणणार नाही" एवढं म्हटलं, की पाहुण्याला नाही म्हणायला दिवस मिळतो आणि शब्दही. मग बुधवारी फोन आला तर "बरं झालं सांगितलंस, एक पान कमी धरतो" म्हणून त्याला मोकळं करावं. का येत नाहीस, हे त्या फोनवर पुन्हा पुन्हा विचारू नये. सांगण्यासारखं असेल तर तो पुढच्या भेटीत आपणहून सांगतो.